जनरेटरवर वेल्डिंग मशीन दम धरत नाही: दोष कुठे शोधायचा आणि जनरेटर कोणत्या आकड्यावर घ्यायचा

रॉड टेकवला की इंजिनाचा आवाज खाली बसतो. रॉड चिकटतो. झटका देऊन सोडवला की इंजिन एकदम वर ओरडतं. असं चार-पाचदा झालं की मशीनवरचा पिवळा दिवा लागतो, नाहीतर जनरेटरची एमसीबी पडते. साइटवर जाऊन फॅब्रिकेशन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं, आणि कुणालाही विचारलं तरी उत्तर एकच मिळतं: जनरेटर छोटा पडतोय, मोठा घ्या.

तासगाव भागातल्या एका द्राक्षबागेत मीही हेच उत्तर धरून बसलो होतो. मांडवाचे अँगल जमिनीलगत गंजले होते, त्यांना खालून नवे तुकडे जोडायचे होते. बागेत शेतीपंपाची लाइन होती, पण ती पाळीने यायची आणि आमची पाळी रात्रीची. म्हणून ५ केव्हीएचा (एक केव्हीए म्हणजे हजार व्होल्ट-अँपिअर) पेट्रोल जनरेटर नेला. २०० अँपिअर लिहिलेलं इन्व्हर्टर मशीन (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलं हलकं वेल्डिंग मशीन), १० नंबरचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा रॉड, मशीनवर ११० अँपिअर लावलेले. तिसऱ्या रॉडपासून चिकटायला सुरुवात झाली. दुपारपर्यंत मी साडेसात केव्हीएच्या जनरेटरची किंमत विचारून झालो होतो. मग सहज म्हणून मीटर लावला. रॉड जळत असताना जनरेटरच्या सॉकेटवर २२२ व्होल्ट होते आणि मशीनच्या प्लगपाशी १९६. मधले २६ व्होल्ट केबल खात होती. चाळीस मीटर लांब आणि दीड स्क्वेअरची (आतल्या तारेचा छेद दीड चौरस मिलिमीटर) केबल होती ती. दुसऱ्या दिवशी ४ स्क्वेअरची तांब्याची केबल नेली, त्याच जनरेटरवर राहिलेली सगळी ओळ जोडून झाली.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. रॉड जळत असताना मोजमाप घेतल्याशिवाय जनरेटरला दोष द्यायचा नाही, आणि नवीन घ्यायचाही नाही.

आधी मोजा: व्होल्टेज दोन ठिकाणी, हर्ट्झ एका ठिकाणी

साधा मल्टिमीटर चालतो, मात्र त्यात हर्ट्झ दाखवायची सोय हवी. टोंग टेस्टर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर, असेल तर अजून चांगलं. एकाने रॉड ओढायचा आणि दुसऱ्याने वाचायचं. रिकाम्या जनरेटरवर घेतलेला आकडा या कामाला जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण लोड नसताना प्रत्येक जनरेटर शहाणाच दिसतो.

हर्ट्झ बघायचे ते इंजिनासाठी. आपल्याकडचे छोटे पेट्रोल जनरेटर बहुतेक मिनिटाला ३००० फेऱ्यांचे असतात आणि ३००० फेऱ्यांना ५० हर्ट्झ मिळतात. लोड नसताना ५२ च्या आसपास आणि पूर्ण लोडवर ५० च्या जवळ आकडा असला, तर इंजिन आणि गव्हर्नर (फेऱ्या जागेवर ठेवणारा भाग) दोन्ही ठीक आहेत. रॉड टेकवल्यावर आकडा ४७ च्या खाली गेला आणि तिथेच राहिला, तर इंजिन लोड ओढत नाहीये. अशा वेळी आधी एअर फिल्टर काढून बघा. ग्राइंडरची धूळ आणि शेतातली माती मिळून तो फिल्टर पंधरा दिवसांत वीट बनतो. त्यानंतर प्लग, मग कार्बोरेटर. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत महिनाभर पडून राहिलं की ओलावा धरतं आणि जेटमध्ये चिकटा बसतो. मग इंजिन लोड नसतानाही हेलकावे खातं. जनरेटर पडून राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो.

हर्ट्झ जागेवर आहेत पण जनरेटरच्या सॉकेटवरच व्होल्टेज २०० च्या खाली येतंय, असं असेल तर इंजिनात दम आहे आणि अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) किंवा त्याचा एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) कमी पडतोय. जनरेटर खरोखर छोटा असण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त. मात्र हर्ट्झ पडलेले असतील तर व्होल्टेजकडे बघून निष्कर्ष काढू नका, कारण फेऱ्या कमी झाल्या की बरेच एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज खाली आणतात.

आणि जनरेटरपाशी दोन्ही आकडे बरे, पण मशीनच्या प्लगपाशी व्होल्टेज पडलेलं, म्हणजे माझ्या बागेतलीच गत.

केबल

याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

दीड स्क्वेअरच्या तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरमागे साधारण १३.३ ओहम असतो. चाळीस मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर तार, म्हणजे एक ओहमपेक्षा थोडं जास्तच. तिच्यातून २० अँपिअर गेले की २१ व्होल्ट गेलेच. अडीच स्क्वेअरला हाच हिशोब १३ व्होल्टच्या आसपास येतो आणि ४ स्क्वेअरला ८ व्होल्ट.

इन्व्हर्टर मशीनच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबत नाही. ते मशीन रॉडला लागणारी ताकद काहीही करून पुरी करायला बघतं, म्हणून समोरून येणारं व्होल्टेज कमी झालं की जास्त करंट ओढतं. जास्त करंट म्हणजे केबलमध्ये अजून घट. अशाने बागेतल्या २० अँपिअरचे २४-२५ झाले आणि २१ व्होल्टची घट २६ वर गेली. जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन असं करत नाही. ते नुसतं मंद पडतं.

बाजारात ज्या तयार एक्स्टेंशन बोर्डच्या केबल मिळतात, त्यांतल्या बऱ्याच एक स्क्वेअरच्याच असतात, काही तर त्याहून बारीक. ड्रिल आणि ग्राइंडरपुरत्या त्या ठीक आहेत. वेल्डिंगला चाळीस मीटर लागत असतील तर ४ स्क्वेअर, वीस मीटरच्या आत असाल तर अडीच. केबल पूर्ण उलगडूनच वापरायची. गुंडाळी तशीच ठेवून वेल्डिंग केलं तर आतले वेढे वितळून एकमेकांना चिकटतात. हात लावून बघा, गुंडाळीच्या मध्यभागी हात टेकवत नाही इतकी ती तापलेली असते.

प्लग आणि पिनाही बघा. ढिल्या पिनेच्या भोवती प्लगचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं दिसलं तर तिथेच पाच-सात व्होल्ट जळतायत असं समजा.

अर्थिंगचा क्लॅम्प गंजलेल्या किंवा रंगाच्या अँगलवर लावला असेल तरी रॉड असाच चिकटतो आणि दोष जनरेटरवर जातो. क्लॅम्पची जागा ग्राइंडरने चमकवून घ्या. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, कारण याला एक मिनिट लागतं.

ज्या कारणांकडे कुणाचं लक्ष जात नाही

इंजिन अचानक बंद पडतं, पेट्रोल भरपूर असतं, दोरी ओढली की चालू होतं आणि परत पाच मिनिटांनी बंद. अशा वेळी जनरेटर कुठे ठेवलाय ते बघा. या इंजिनांना ऑइल कमी झालं की इंजिन थांबवणारा सेन्सर असतो. बांधाच्या उतारावर जनरेटर तिरका ठेवला की ऑइल एका बाजूला जातं आणि सेन्सरला वाटतं ऑइल संपलं. त्यात वेल्डिंगच्या झटक्यांनी इंजिन हलतं, म्हणून रॉड टेकवल्यावरच बंद पडल्यासारखं दिसतं. खाली दोन सपाट दगड किंवा फळी देऊन पातळीत आणा, आणि अर्थातच ऑइलची काडी काढून बघा.

इन्व्हर्टर जनरेटरवर (ज्यात ५० हर्ट्झची लाट इलेक्ट्रॉनिक सर्किट तयार करतं) इको नावाचं बटण असतं. लोड नसताना ते इंजिन मंद करतं, पेट्रोल वाचतं. वेल्डिंगला हे बटण बंदच हवं. रॉड टेकवल्यापासून इंजिन वेगात येईपर्यंत जो एक-दोन सेकंदांचा वेळ जातो, तेवढ्यात रॉड चिकटलेला असतो.

जनरेटर मोठा आहे, पण एमसीबी पडते. मग सॉकेट बघा. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून ३.७ किलोवॅटच्या वर काही मागता येत नाही, जनरेटर ५ चा असो की ८ चा. काही जनरेटरना दोन सॉकेट असतात आणि प्रत्येकाला स्वतःची एमसीबी. एकावर वेल्डिंग आणि दुसऱ्यावर ग्राइंडर लावला तर दोन्ही निभतात, पण एकट्या वेल्डिंगला पूर्ण ताकद मिळत नाही. पूर्ण करंट घ्यायचा तर ३२ अँपिअरचं निळं इंडस्ट्रियल सॉकेट किंवा टर्मिनलची पट्टी असलेला जनरेटर लागतो.

भाड्याने आणलेल्या थ्री फेज सेटमध्ये तर भलेभले फसतात. १० केव्हीए ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण तो सेट थ्री फेज असेल तर एका फेजवर त्याचा तिसरा हिस्साच मिळतो, म्हणजे सुमारे १४ अँपिअर. सिंगल फेजचं वेल्डिंग मशीन त्यावर लावलं तर ५ केव्हीएच्या सिंगल फेज जनरेटरपेक्षाही कमी मिळतं. वर त्या एकाच फेजवर सगळा ताण पडल्यामुळे बाकीच्या दोन फेजचं व्होल्टेज वर जातं, आणि तिथे कुणी बल्ब किंवा चार्जर लावले असतील तर ते उडतात. भाड्याने घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: सिंगल फेज की थ्री फेज?

जनरेटर किती मोठा हवा

सगळं तपासलं, केबल बदलली, फिल्टर साफ केला, तरी दम नाही. किंवा जनरेटर नव्यानेच घ्यायचा आहे. मग हिशोब रॉडपासून मागे मागे करत यायचा. मशीनच्या नावात २०० किंवा २५० लिहिलंय म्हणून त्यावरून जनरेटर घ्यायचा नाही. स्वस्तातल्या मशीनवर २०० लिहिलेलं असतं आणि टोंग टेस्टर लावला की १३०-१४० च्या वर काटा जात नाही, असं मी एकापेक्षा जास्त मशीनवर बघितलं आहे. उलट, तुम्ही आयुष्यभर १२ नंबरचाच रॉड ओढणार असाल तर मशीन खरोखर २०० देत असलं तरी जनरेटरला त्याच्याशी देणंघेणं नाही.

रॉड जळताना आर्कवर किती व्होल्ट असतात याचा ठरलेला हिशोब आहे: २० अधिक अँपिअरचे चार टक्के. ११० अँपिअरला २४.४ व्होल्ट. गुणाकार केला की सुमारे २७०० वॅट. इन्व्हर्टर मशीन ओढलेली सगळी ताकद रॉडला देत नाही, शंभरातले ऐंशी-ब्याऐंशी पोचतात, म्हणून जनरेटरकडून ३३०० वॅट लागतात. इथपर्यंत बहुतेक लोक येतात आणि म्हणतात, मग ४ केव्हीए पुरे की.

पुरत नाहीत, कारण साधं इन्व्हर्टर मशीन करंट सलग ओढत नाही. आतले कॅपेसिटर भरण्यासाठी ते व्होल्टेजच्या प्रत्येक लाटेच्या फक्त टोकाशी झडप घालतं आणि बाकी वेळ गप्प असतं. यामुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या व्हीएमधला खऱ्या वॅटचा हिस्सा, ०.७ च्या आसपास राहतो. ३३०० ला ०.७ ने भागलं की ४७०० व्हीए, म्हणजे २० अँपिअर. मंडळाच्या लाइनवर हे खपून जातं. छोट्या जनरेटरचं मात्र लाटेचं टोकच चेपतं. साध्या मीटरवर आकडा बरा दिसतो आणि मशीन तरी कमी व्होल्टेजचा दिवा लावतं, ते याच कारणाने. मीटरला सरासरी दिसते, मशीनला टोक हवं असतं.

माझ्या कामातले रॉड आणि त्यांचे आकडे असे पडतात. १२ नंबर, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड ७५ अँपिअरवर: सुमारे ३ केव्हीए, १३ अँपिअर. १० नंबर, म्हणजे ३.१५ मिलिमीटर, ११० वर: वर आलेच, ४.७ केव्हीए. ८ नंबर, म्हणजे ४ मिलिमीटर, १६० वर: जवळजवळ साडेसात केव्हीए आणि ३२ अँपिअर. हे मशीनने ओढायचे आकडे झाले. जनरेटर त्यावर तीस टक्के मोकळीक ठेवून घ्या. म्हणजे ग्रील, पत्र्याची शेड, हलके गेट करणाऱ्याला ४ केव्हीए. अँगल, चॅनेल आणि ट्रसचं काम १० नंबरने करणाऱ्याला ६ ते साडेसहा. ८ नंबर रोज लागत असेल तर १० केव्हीएचा सिंगल फेज, आणि तो उचलून टेम्पोत टाकायचा राहत नाही, चाकांवरच लागतो. त्या मापाच्या कामाला सरळ इंजिनाचं वेल्डिंग जनरेटर बघावं असं माझं मत आहे. ज्यात इंजिनच आर्कचा करंट तयार करतं, त्यात मधली ही सगळी भानगडच नसते.

तीस टक्के मोकळीक कशासाठी, हे विचारणारे भेटतात. हॉट स्टार्टमुळे रॉड पेटताना क्षणभर करंट लावलेल्या आकड्याच्या वर जातो. हात थकला की आर्क लांब होतो आणि लांब आर्क जास्त वॅट खातो. आणि पोऱ्या मध्येच ग्राइंडर चालू करतो.

मशीनच्या पाटीवर पूर्ण करंटचे आकडे तयार लिहिलेले असतात, फक्त वाचताना एक चूक होते. पाटीवर इनपुट करंटचे दोन आकडे असतात. एकापुढे मॅक्स लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यापुढे इफेक्टिव्ह. इफेक्टिव्ह आकडा छोटा आणि गोड दिसतो, पण तो ड्यूटी सायकल (दर दहा मिनिटांतली प्रत्यक्ष वेल्डिंगची मिनिटं) धरून काढलेला असतो आणि वायरिंग किती तापेल यासाठी आहे. मशीन पूर्ण करंटवर लावून रॉड जाळणार असाल तर जनरेटरला मॅक्सच द्यावा लागतो. मॅक्सला २३० ने गुणा, तीस टक्के वाढवा, आणि तो आकडा जनरेटरच्या रेटेड आकड्याशी जुळवा. जनरेटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो बहुधा कमाल असतो, काही सेकंदांपुरता. रेटेड आकडा अल्टरनेटरच्या पाटीवर बारीक अक्षरांत सापडतो, शक्यतो अँपिअरमध्येच वाचा.

पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेलं वेल्डिंग मशीन मिळालं तर हिशोब एकदम हलका होतो. ते करंट लाटेबरोबर सलग ओढतं, म्हणून १० नंबरच्या रॉडला २० ऐवजी १४-१५ अँपिअर पुरतात. ते महाग आहे. पण जनरेटर आणि मशीन दोन्ही नव्याने घेणार असाल, तर जनरेटर एका मापाने लहान घेऊन वाचलेले पैसे पीएफसीच्या मशीनवर घाला. पेट्रोलही रोज वाचेल आणि वजनही दोघांना उचलण्याजोगं राहील. माझ्यापुरतं तरी मी हेच केलं आणि समाधानी आहे.

जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन, ऑइलचं असो की हवेचं, छोट्या जनरेटरवर लावू नका. त्याचा पॉवर फॅक्टर इतका खराब असतो की १० नंबरच्या रॉडलाही जनरेटर दुपटीच्या घरात लागतो, आणि त्यातली बरीच मशीनं दोन फेजवर ४१५ व्होल्टची असतात. ते वर्कशॉपमध्येच शोभतं.

घाटमाथ्यावर काम असेल तर अजून एक वजावट करा. उंची वाढली की हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. तिथे खालचा ५ केव्हीए सव्वाचारचा होतो. पाचगणीच्या एका रेलिंगच्या कामात वाईपर्यंत ठणठणीत चालणारा जनरेटर वर जाऊन काळा धूर टाकायला लागला, तेव्हा मला हे कळलं. तिथे १० नंबर बाजूला ठेवून १२ नंबरने दोन थर दिले आणि काम निघालं.

मशीन जळतं ते कमी व्होल्टेजने नव्हे

रॉड चिकटतोय ही कटकट आहे, पण मशीन सहसा वाचतं. मशीनला मारतं ते जास्तीचं व्होल्टेज, आणि याकडे लोक बघतच नाहीत.

एका शेडच्या कामाला भाड्याचा जुना साडेसात केव्हीए आणला होता. लोड घ्यायला जबरदस्त. कुणीतरी तो लोड जास्त ओढावा म्हणून गव्हर्नरचा स्क्रू पिळून ठेवला होता, आणि मी रिकामं व्होल्टेज मोजलं नाही. पहिला अर्धा तास सुरेख गेला. मग रॉड संपला, आर्क तुटला आणि मशीनमधून फटाक्यासारखा आवाज आला. उघडून पाहिलं तर कॅपेसिटरची सपाट डोकी फुगून घुमटासारखी झालेली, एकाचं टोपण फाटून आतला कागदासारखा लगदा बाहेर, आणि शेजारच्या बोर्डावर काजळी. नंतर मीटर लावला, तर रिकामं व्होल्टेज २७० होतं.

हिशोब सोपा आहे. आतले कॅपेसिटर लाटेच्या टोकापर्यंत भरतात, म्हणजे व्होल्टेजच्या १.४१ पट. २३० ला ३२५ व्होल्ट. २७० ला ३८२. स्वस्त मशीनमधले कॅपेसिटर बहुतेक ४०० व्होल्टचे असतात. आर्क तुटला की पूर्ण लोड एका क्षणात सुटतो, इंजिन वर चढतं, एव्हीआर आवरेपर्यंत व्होल्टेज अजून उसळी मारतं आणि ४०० ची हद्द ओलांडली जाते.

म्हणून जनरेटर कितीही ओळखीचा असला तरी मशीन लावण्याआधी रिकामं व्होल्टेज मोजा. २४५ च्या वर असेल तर आधी हर्ट्झ बघा. ते ५३ च्या वर असतील तर गव्हर्नर पिळलेला आहे, तो मेकॅनिककडून जागेवर आणा. लोडवर व्होल्टेज पडतं म्हणून गव्हर्नर स्वतः पिळायचा मोह टाळा. त्याने रॉड दोन दिवस छान जळतो आणि तिसऱ्या दिवशी मशीन जातं.

सुरू करताना आधी इंजिन, ते दोन-तीन मिनिटं तापू द्या, मग मशीनचं बटण. बंद करताना आधी मशीन, मग इंजिन. पेट्रोल संपून इंजिन गचके खात थांबू देऊ नका. त्या गचक्यांत व्होल्टेज खालीवर उड्या मारतं आणि मशीन तोवर चालूच असतं.

घेताना

एव्हीआरवाला साधा जनरेटर की इन्व्हर्टर जनरेटर, हा प्रश्न नेहमी येतो. इन्व्हर्टरची लाट स्वच्छ, आवाज कमी, वजन कमी. पण रेटेड आकड्याच्या पुढे गेलं की तो दयामाया न दाखवता आउटपुट तोडतो. साडेतीन केव्हीएच्या इन्व्हर्टर जनरेटरवर १२ नंबरचा रॉड ७५ वर व्यवस्थित चालतो, १० नंबर टेकवला की लाल दिवा. साधा जनरेटर क्षणभराचा धक्का इंजिनाच्या वजनावर सहन करतो. घरोघरी ग्रीलची कामं करणाऱ्याने इन्व्हर्टर घ्यावा, मोकळ्या शेतात अँगल-चॅनेल जोडणाऱ्याने तांब्याच्या वाइंडिंगचा एव्हीआरवाला. अॅल्युमिनियमचं वाइंडिंग वजनाला हलकं आणि खिशालाही, पण वेल्डिंगच्या रोजच्या तापमानाला मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. दुकानदाराला सरळ विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

गिऱ्हाइकाच्या घरी काम असेल आणि लाइट गेली असेल, तर जनरेटरची वायर घराच्या बोर्डात उलटी घालून सॉकेट चालू करायचा प्रकार कधीही करू नका. ती वीज मीटरमधून मागे डीपीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, तिथे व्होल्टेज चढतं, आणि खांबावर काम करणारा वायरमन तारेला हात लावतो. मशीन थेट जनरेटरलाच लावा.

आणि जनरेटर शेडच्या आत ठेवू नका. पाऊस आहे, शटर अर्धं उघडं आहे, पंखा लावलाय, यातलं काहीही पुरेसं नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. वेल्डिंगच्या धुरात डोकं दुखणं आपल्याला रोजचंच, म्हणून कुणाला संशयही येत नाही, आणि माणूस बसल्या जागी कोसळतो. ४ स्क्वेअरच्या केबलचे पैसे यासाठीही द्यायचे असतात: जनरेटर दहा-पंधरा मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सपाट जागेवर ठेवता येतो. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, सायलेन्सर निवल्यावर.

दुकानात जाताना आपलं मशीन, आपली केबल, मीटर, जाड पट्टीचा एक तुकडा आणि १० नंबरचे सहा रॉड बरोबर न्या. जनरेटर चालू करून रिकामं व्होल्टेज आणि हर्ट्झ लिहून घ्या. मग सहाही रॉड मध्ये न थांबता जाळा, शेवटच्या रॉडच्या मध्यावर दुसऱ्याला प्लगपाशी वाचायला सांगा. व्होल्टेज २१० च्या वर, हर्ट्झ ४९ च्या वर आणि आर्क तोडल्यावर इंजिन दोन सेकंदांत शांत, एवढं दिसलं तर पैसे द्या. रॉड जाळायला परवानगी नसलेल्या दुकानातून मी जनरेटर घेत नाही.